नाडीचे ठोके पाहून दिवस बेतणे : एमई/सीएफएस, लाँग कोविड आणि पेसिंग

रानजाई (धागाकर्ती)

मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस ऊर्फ क्रॉनिक फटीग सिंड्रोम, थोडक्यात एमई/सीएफएस, किंवा त्याच वळणाचा लाँग कोविड ज्यांना आहे आणि ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांच्यासाठी हा धागा काढते आहे. या आजारांवर मराठीत फार कमी लिहिलेलं सापडतं. जे सापडतं त्यात "मन प्रसन्न ठेवा, रोज थोडं थोडं चालणं वाढवा" असं असतं, आणि त्यातला दुसरा सल्ला आपल्यापैकी अनेकांना अंथरुणाला खिळवू शकतो. म्हणून एकाच गोष्टीबद्दल सविस्तर लिहिते: पेसिंग, म्हणजे झेपेल तेवढ्यातच हालचाल ठेवणं, आणि त्यासाठी नाडी पाहून हालचाल कशी आवरायची.

या आजाराची मुख्य खूण म्हणजे श्रमानंतरची पडझड, डॉक्टर ज्याला पीईएम म्हणतात. झेपण्यापेक्षा जरासं जास्त झालं की शरीर कोसळतं, पण त्याच वेळी नाही. बारा तासांनी, दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी. रविवारी पाहुण्यांचा स्वयंपाक केला, सोमवार बरा गेला, आणि मंगळवारी दात घासायला हात उचलत नाही. अंग ठणकतं, घसा दुखतो, डोकं चालत नाही, उजेड सहन होत नाही. काम करत असताना मात्र बरं वाटत असतं. "दमलीस की बस" हा घरच्यांचा सल्ला म्हणूनच इथे कामाचा नाही. दमल्याचं कळेपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असते. नाडी मात्र त्या क्षणी सांगते.

पद्धत अशी. सकाळी जाग आल्यावर उठायच्या आधी, पडल्यापडल्या नाडी मोजायची. सात दिवसांची सरासरी काढायची. त्यात १५ मिळवायचे. ही झाली वरची रेघ. कॅलिफोर्नियातली वर्कवेल फाउंडेशन ही संस्था या आजारातल्या श्रमक्षमतेवर बरीच वर्षं काम करते आहे, तिथून हा हिशेब आला. माझी सरासरी ७४, म्हणजे रेघ ८९. याआधीपासून चालत आलेलं एक सूत्र आहे: २२० वजा वय, आणि त्याच्या ६० टक्के. माझं वय ४६, म्हणून १७४ चे ६० टक्के, साधारण १०४. दोन्हींत १५ ठोक्यांचा फरक पडतो. सुरुवात खालच्या आकड्यापासून करावी असं माझं ठाम मत आहे, विशेषतः वारंवार पडझड होत असेल तर.

घड्याळ लावल्यावर पहिल्या आठवड्यातच कळलं की जिन्यापेक्षा स्वयंपाकघर जास्त महाग आहे. कणीक मळणं, ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं, ओणवं होऊन खालच्या कप्प्यातून कुकर काढणं, ओले कपडे पिळणं. आणि सगळ्यात वर, अंघोळ करताना केस धुणं: गरम पाणी, उभं राहणं आणि हात डोक्याच्या वर, तिन्ही एकत्र. आता अंघोळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, पाणी कोमट, केस धुण्याचा दिवस वेगळा, आणि नंतर अर्धा तास आडवं. कणीक बसून मळते, लाटायचं काम लेक करतो. रेघ ओलांडली की हातातलं तिथेच ठेवून पाठ टेकायची आणि नाडी मूळ आकड्याजवळ येईपर्यंत उठायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण अर्धवट पडलेली कणीक डोळ्यांना दिसत राहते.

आजार बरा झालेला नाही. पण पडझडी कमी झाल्या आणि आल्या तरी उथळ आल्या. तुमचे अनुभव लिहा. प्रश्नही विचारा.

खानदेशी

रानजाई ताई, हा धागा बायकोला वाचून दाखवला. तिला डेंग्यूनंतर हे सुरू झालं. जळगावात चार डॉक्टर झाले. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी१२, साखर, सगळं नॉर्मल. मग "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकायला मिळालं. रविवार ते मंगळवारचं जे लिहिलंय ते अगदी तसंच आमच्याकडे होतं. मी घड्याळ घ्यायला तयार आहे, पण घ्यायच्या आधी पद्धत जमते का ते बघायचं आहे. घड्याळाशिवाय होईल का?

रानजाई

होईल, दादा. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर घरात कुठेतरी असेल. त्यावर ऑक्सिजनच्या शेजारी नाडीचा आकडा असतो. बोट गार नको, नेलपॉलिश नको आणि मोजताना हात स्थिर हवा. तोही नसेल तर मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. चालताना मोजता येणार नाही, पण एखादं काम संपल्याबरोबर मोजलं तरी कुठलं काम किती चढवतं याचा अंदाज येतो. आधी आठवडाभर फक्त सकाळची नाडी आणि तीनचार नेहमीची कामं एवढंच वहीत लिहा. वहिनींनी नाही, तुम्ही लिहा. लिहिण्यातही तिची शक्ती जाते.

पारिजात_फिजिशियन

चांगला धागा. मी कोल्हापूरला फिजिशियन आहे, थोडी भर घालतो.

पेशींना ऊर्जा दोन मार्गांनी मिळते. प्राणवायू वापरून, जो मार्ग सावकाश पण पुरवठ्याचा आहे, आणि प्राणवायूविना, जो झटपट पण थोडाच वेळ चालतो. श्रम वाढत गेले की एका टप्प्यावर दुसऱ्या मार्गाचा वाटा झपाट्याने वाढतो. निरोगी माणसात हा टप्पा बऱ्यापैकी वरच्या श्रमाला येतो. एमई/सीएफएसच्या अनेक रुग्णांत तो घरकामाच्या पातळीलाच येतो. नाडी ही त्या टप्प्याची अप्रत्यक्ष खूण, एवढंच या पद्धतीमागचं तत्त्व.

पुरावा असा की सायकलवर मुखवटा लावून श्वासाची तपासणी करतात, ती २४ तासांच्या अंतराने दोनदा केली. निरोगी पण बैठ्या माणसांचे दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखे येतात. या रुग्णांत दुसऱ्या दिवशी तो टप्पा आणखी कमी श्रमाला येतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. नुसती हालचालीची सवय मोडल्याने असं होत नाही. कुणी उत्साहाने ही तपासणी करून घ्यायला निघू नये, हेही सांगतो. तिच्यामुळेच मोठी पडझड होऊ शकते.

आता सावधगिरी. २२० वजा वय हे निरोगी लोकांच्या सरासरीवरचं सूत्र आहे आणि व्यक्तीव्यक्तीत दहाबारा ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय या आजारात कित्येकांची नाडी श्रमाबरोबर पुरेशी चढतच नाही. त्यांना हे सूत्र फसवा धीर देईल. बीटा ब्लॉकर किंवा आयव्हाब्रॅडिन घेत असाल तर आकडे औषधाने खाली ओढलेले असतात, त्या आकड्यांवर बेतू नका, तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि खानदेशी यांनी केल्या त्या तपासण्या प्रत्येकाने आधी करून घ्याव्यात. आपल्याकडे रक्तक्षय इतका आहे की थकवा आणि जलद नाडीचं ते कारण आधी बाद करायला हवं. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, पडल्यापडल्या अनियमित ठोके, यांपैकी काही असेल तर घड्याळाशी खेळत बसू नका, ईसीजी काढा.

सातपुडा

विषय गंभीर आहे म्हणून स्पष्ट विचारतो, राग नसावा. मी दीर्घ पल्ल्याचा धावपटू आहे. आम्हीही नाडीवरच सराव करतो, नाडीच्या खालच्या झोनमध्ये, म्हणजे कमी ठोक्यांच्या टप्प्यात, भरपूर वेळ घालवला की पाया मजबूत होतो आणि हळूहळू वेग वाढतो. मग इथेही रेघेच्या खाली राहून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं तर क्षमता वाढायला नको का? पडून राहिल्याने स्नायू झिजतात, हेही खरंच आहे.

पारिजात_फिजिशियन

प्रश्न रास्त आहे. कित्येक डॉक्टर अजून हेच सांगतात. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २००७ च्या मार्गदर्शिकेत टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचाच सल्ला दिला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये तीच मार्गदर्शिका नव्याने आली. ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेणारा कुठलाही कार्यक्रम एमई/सीएफएसच्या रुग्णांना देऊ नये, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं आहे. त्याऐवजी आहे त्या ऊर्जेचं नियोजन, आणि त्यासाठी रुग्ण आधीच वापरत असलेली साधनं, म्हणजे घड्याळ, फोनवरचं नाडीमापन किंवा डायरी, यांची मदत घ्यावी असं म्हटलं आहे.

तुमच्या शरीरात श्रमानंतर दुरुस्ती होते आणि ती मूळच्यापेक्षा थोडी जास्त होते, म्हणून तुम्ही वाढता. इथे ती दुरुस्तीच बिघडलेली आहे. स्नायू झिजण्याची भीती खरी आहे. म्हणून झेपेल तेवढी हालचाल ठेवायचीच: पडल्यापडल्या घोटे फिरवणं, कूस बदलणं, बसता येत असेल तर बसणं. वाढवायचं ते शरीराने जागा दिली तर. कॅलेंडर पाहून वाढवायचं नाही.

आम्स्टेलकाठ

मी नेदरलँड्समध्ये असते, २०२१ पासून लाँग कोविड. डॉक्टरांनी वर दुरुस्तीचं लिहिलं त्याला जोड. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २५ लाँग कोविड रुग्ण आणि २१ निरोगी माणसं घेऊन अभ्यास केला, तो जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. सायकलवर श्रम करायला लावले आणि मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा श्रमाआधी आणि श्रमानंतरच्या दिवशी काढून तपासला. रुग्णांच्या स्नायूंत श्रमानंतर इजा वाढलेली दिसली, आणि पेशींतली ऊर्जानिर्मितीही मंदावलेली. मी हे वाचून रडले. तीन वर्षं "मनाचं असेल" हे ऐकल्यानंतर कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं होतं.

सातपुडा, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. माझा नवरा सुरुवातीला हेच म्हणायचा.

आता साधनांबद्दल, कारण यात पैसे वाया जाऊ शकतात. मनगटी घड्याळं हिरवा प्रकाश टाकून रक्तप्रवाह मोजतात. पट्टा सैल असेल, हात गार असतील, मनगटावर गोंदण असेल किंवा हात जोरात हलत असेल तर आकडा चुकतो. भांडी घासताना तर हमखास. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, घट्ट बांधा. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत मोजतो, त्यामुळे तो सर्वांत अचूक, पण दिवसभर बांधून राहणं जाचक. मधला मार्ग म्हणजे दंडावरचा पट्टा.

आणि घेण्याआधी हे नक्की बघा: घड्याळाची "नाडी जास्त आहे" ही तयार सूचना बहुधा आपण स्वस्थ असतानाच वाजते. ॲपल आणि गार्मिन दोन्हींत तसंच आहे, आणि तिथे १०० च्या खालची मर्यादा लावता येत नाही. आपल्याला हवी ती सूचना काम करतानाची, ८९ किंवा ९५ ला वाजणारी. त्यासाठी व्यायामाचा मोड सुरू करून त्यात नाडीची वरची मर्यादा घालावी लागते. बॅटरी लवकर संपते, पण मनगटावर थरथर होते आणि आपण थांबतो.

सातपुडा

डॉक्टर, आम्स्टेलकाठ, दोघांचे आभार. माझ्या क्लबमधला एक मित्र कोविडनंतर परत धावायचा प्रयत्न करतोय आणि दर वेळी दोन दिवसांनी आजारी पडतोय. आम्ही सगळे त्याला "हळू पळ, पण सोडू नको" म्हणत होतो. आजच त्याला फोन करतो.

संत्रानगरी

नागपूरहून लिहिते आहे. एप्रिल-मे मध्ये माझी रेघ निरुपयोगी होते. नुसतं बसून नाडी ९५. मग काय दिवसभर पडूनच राहायचं का? पाळीच्या आधीच्या आठवड्यातही सकाळचा आकडा चारपाचने वर असतो.

रानजाई

दोन्ही खरं आहे. उकाड्यात त्वचेकडे रक्त जास्त फिरवायला हृदयाला जास्त काम पडतं, आणि पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मूळ नाडी थोडी चढतेच. मी रेघ बदलत नाही, दिवस बदलते. त्या आठवड्यात कामंच कमी धरते. उन्हाळ्यात उठून करायचं जे काही असेल ते सकाळी आठच्या आत, नंतर कूलरसमोर, मानेवर ओला पंचा. जेवणानंतरही नाडी चढते, म्हणून एकदाच भरपेट जेवण्यापेक्षा थोडं थोडं चारदा. आणि सकाळचा आकडा एरवीपेक्षा सात-आठने वर दिसला, पाळी-ताप-उकाडा असं काही कारण नसताना, तर तो दिवस मी रिकामा ठेवते. पडझड यायच्या आधी बहुतेक वेळा तो चढलेला असतो.

वऱ्हाडवाट

प्राणायामाबद्दल कुणी लिहिलं नाही. माझ्या आईला अनुलोम-विलोमने फायदा झाला. कपालभातीही सांगितली आहे, पण ती केली की तिला गळाल्यासारखं होतं.

रानजाई

कपालभाती, भस्त्रिका, सूर्यनमस्कार यांनी नाडी चढते, ती या आजारात मी तरी करणार नाही. आईंना आडवं पडून, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ देऊन सावकाश श्वसन करायला सांगा आणि ऑक्सिमीटर बोटाला लावून बघा. माझी नाडी तेवढ्याने खाली येते. पण तेही थकवत असेल तर सोडून द्यायचं, त्यात भक्ती कमी पडली असं काही नाही.

अबोली७

मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. धाग्यात आकड्यावर फार भर येतोय. माझी सगळ्यात वाईट पडझड बँकेचा केवायसी अर्ज भरल्यानंतर आली. दोन तास फोन, ओटीपी, परत फोन. नाडी पूर्ण वेळ ७८. डोक्याचं काम, माणसांत बसणं, भांडण, आवाज, यातलं काहीच घड्याळात दिसत नाही. आणि दुसरं, घरच्यांना मी आकडा दाखवायला लागले तेव्हा सुरुवातीला फार बरं वाटलं. ११८ बघून सासूबाईंनी स्वतः हातातला झाडू घेतला. पण मग उलटंही होऊ लागलं. आकडा ८० असला की "आज तर छान आहे, चल लग्नाला". माझ्या सांगण्यापेक्षा मनगटाचा शब्द मोठा झाला. आता मी घरात कुणाला आकडा दाखवत नाही. तो माझ्यासाठी आहे.

खानदेशी

अबोली ताई, हे वाचून मी थबकलो. मी उलट विचार करत होतो की आईला आकडा दाखवू म्हणजे तिचं "उठून फिरलं की बरं वाटेल" थांबेल. आता असं ठरवतो की आईशी मीच बोलेन, आकड्याविना. बायको सांगते तेवढं पुरेसं असायला हवं.

रानजाई

अबोली७, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. नाडी फक्त शरीराच्या श्रमाची गोष्ट सांगते, आणि तीही अर्धीच. मी डोक्याच्या कामासाठी वेळ लावते: पंधरा मिनिटं, मग डोळे मिटून अंधारात पंधरा मिनिटं, बरं वाटत असलं तरी. फोन ज्या दिवशी करायचे त्या दिवशी स्वयंपाक नाही.

मैत्र

माझी मुलगी १५ वर्षांची आहे. कोविडनंतर शाळेत प्रार्थनेला उभं राहिलं की चक्कर, धडधड. पडून असली की नाडी ७०, उभी राहिली की १२० च्या पुढे. घड्याळ दिवसभर थरथरतं आणि ती घाबरते. रेघ कुठे ओढायची?

पारिजात_फिजिशियन

ताई, आधी रेघ बाजूला ठेवा. हे पॉट्स असू शकतं, म्हणजे उभं राहिलं की नाडी फार चढण्याचा विकार. उभं राहिल्यावर १० मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढणं आणि रक्तदाब न पडणं ही मोठ्यांतली खूण. १२ ते १९ या वयात ४० धरतात. लक्षणं तीन महिने तरी असावी लागतात. डॉक्टरांना दाखवायच्या आधी घरी नोंद करता येईल. मुलीला १० मिनिटं स्वस्थ आडवं करा, नाडी आणि रक्तदाब लिहा. मग भिंतीला खांदे टेकून उभं करा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, हालचाल नाही, बोलणं नाही. दर मिनिटाला दोन्ही लिहा, १० मिनिटं. तुम्ही शेजारी उभ्या राहा. अंधारी आली तर ताबडतोब झोपवा, पुढे मोजायचं नाही. सकाळी, जेवणाआधी केलं तर चांगलं. पॉट्सवर उपाय आहेत: पाणी आणि मीठ वाढवणं, दाब देणारे मोजे, औषधं. मीठ डॉक्टरांनी सांगितल्यावरच. पॉट्स असताना उभ्याची नाडी श्रमाचं माप राहत नाही, म्हणून तिच्यासाठी घड्याळाची सूचना तूर्त बंद ठेवा.

मैत्र

सूचना बंद केली. उद्या सकाळी तिचे बाबा घरी आहेत, तेव्हा नोंद करतो आणि बालरोगतज्ज्ञांकडे कागद घेऊन जातो. शाळेत काय सांगू? वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पीटीचे सर म्हणतात, मैदानात आली की आपोआप बरी होईल.

रानजाई

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. त्यात आजाराचं लांबलचक वर्णन नको, नेमक्या मागण्या हव्यात. प्रार्थनेला बसायची परवानगी. पीटीच्या तासाला ग्रंथालयात किंवा आजारी मुलांच्या खोलीत आडवं पडायची सोय. वर्ग तळमजल्यावर, ते जमत नसेल तर दिवसातून एकदाच जिना. पाण्याची बाटली बाकावर. परीक्षेत मध्ये विश्रांती. दहावीला असेल तर बोर्डाच्या सवलतींसाठीचा अर्जही शाळेमार्फतच जातो, त्याची मुदत आत्ताच विचारून ठेवा. मी असा एक अर्ज माझ्या भाचीसाठी लिहिला होता, नावं काढून तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.